कमरेवर जुना टॅटू आहे आणि आता पाचवा महिना चालू आहे...

तुमचे प्रश्न दोन आहेत. कमरेवर 6 वर्षांपूर्वी काढलेला टॅटू आहे, म्हणून सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन देणार नाहीत असं मैत्रीण म्हणते, ते खरं का? आणि डोहाळजेवणाआधी मनगटावर एक छोटासा टॅटू काढला तर चालेल का? मी 12 वर्षं प्रसूती विभागात सिस्टर आहे. पहिल्यासाठी अजिबात घाबरू नका. दुसरं मात्र आत्ता करू नका, अगदी मनापासून सांगते.

कमरेचं आधी सांगते, कारण याच भीतीने रडणारी मुलगी मी ऑपरेशन टेबलावर पाहिली आहे. कमरेभर पंख पसरलेलं फुलपाखरू होतं तिच्या. "आता मला पूर्ण भूल देणार ना? बाळाचं रडणं मला ऐकूच येणार नाही ना?" एवढंच ती विचारत होती. तिला पुढे वाकवून मी खांदे धरले. भूल देणाऱ्या मॅडमनी कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवले, अंगठ्याने एकेक मणका चाचपला आणि दोन पंखांच्या मधे नखाएवढी कोरी जागा शोधून काढली. सुई तिथूनच गेली. थोड्याच वेळात पाय जड झाले आणि बाळाचा पहिला आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

ही भीती अगदीच हवेतली नाही. 2002 साली कॅनडातल्या भूलतज्ज्ञांनी एक शंका मांडली होती की सुई रंगीत कातडीतून जाताना रंगाचा कण आत, मज्जातंतूंजवळ नेईल का. तेव्हापासून डॉक्टर काळजी घेतात. कोरी जागा शोधतात, नाहीतर एक मणका वर-खाली सरकतात, तेही जमलं नाही तर कातडीला बारीकशी चीर देऊन तिथून सुई घालतात. जुन्या, बऱ्या झालेल्या टॅटूमुळे कुणाचं नुकसान झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. जागा ताजी असेल, खपली धरलेली असेल, लाल किंवा सुजलेली असेल, तर मात्र तिथून इंजेक्शन देत नाहीत. तुमच्या 6 वर्षांच्या टॅटूचा तो प्रश्नच नाही.

आता मनगटाचं. शाईपेक्षा मला सुईची धास्ती जास्त आहे. नावनोंदणी झाली तेव्हा तुमचं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) आणि सिफिलिससाठी तपासलं असेल. पण तो रिपोर्ट त्या दिवसापुरता. आज सुईतून जंतू शिरला, तर कित्येक आठवडे तपासणीत काही दिसत नाही. हिपॅटायटिस बीची लक्षणं दिसायला 1 ते 6 महिने लागू शकतात. पाचव्या महिन्यापासून मोजा, बरोबर बाळंतपण येतं. फाइलमध्ये सगळं निगेटिव्ह आणि अंगात आजार, अशा वेळी आम्हालाही कळत नाही. कळलं तर बाळाला पहिल्या 12 तासांत लस आणि सोबत वेगळं इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन देऊन बऱ्याच अंशी वाचवता येतं. न कळता जन्माच्या वेळी बाळाला लागण झाली, तर अशा 100 बाळांपैकी सुमारे 90 जणांत ती कायमची राहते. हिपॅटायटिस सीला तर लसच नाही.

दुकान स्वच्छ असेल, सुई समोर फोडतील, हे मला मान्य आहे. पण शाईच्या छोट्या वाट्या, हातमोजे, मशीनची पकड हे सगळं तुम्ही किती बघणार? आणि नुसती जागा पिकली तरी या दिवसांत औषधं जपून द्यावी लागतात. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते आणि हातावर तुळशी वृंदावन. जत्रेत एका रांगेत बसून, एकाच सुईने गोंदलेलं. ते गोंदण मला आजही फार प्रिय आहे, म्हणून टॅटूच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. फक्त बाळ अंगावर पीत असेपर्यंत थांबा. मग नाव ठरलेलं असेल, तेच मनगटावर काढा.

डोहाळजेवणाला मेंदी काढा की! पाल्याची, घरी भिजवलेली. झटपट काळी रंगणारी मेंदी मात्र नको. तिच्यात बऱ्याचदा केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असतं, आणि त्याने हातावर फोड आलेले मी पाहिलेत.

आणि एक काम आजच करा. घरातल्या कुणाकडून कमरेचा एक स्पष्ट फोटो काढून घ्या, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा आणि "कमरेवर टॅटू आहे" हे फाइलवर लिहून घ्या. आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांना एकदा भेटता आलं तर फारच छान. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, तरी ड्यूटीवरच्या सिस्टरला ते फाइल उघडल्याबरोबर दिसेल.