धडधड होते, मग बायोफीडबॅक करू का?

प्रश्न: ताई, गेले काही महिने मला अचानक धडधडायला लागतं, हात गार पडतात. ईसीजी, टू-डी इको सगळं नॉर्मल आलं, डॉक्टर म्हणाले एंग्झायटी आहे, गोळी चालू केलीय. मैत्रिणीने हार्ट रेट बायोफीडबॅक सुचवलं. पण स्मार्टवॉचवर ठोके बघितले की मी अजूनच घाबरते. करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: जरूर करा, फक्त ते सारखं घड्याळात डोकावणं आधी बंद करा बरं का. बायोफीडबॅक म्हणजे सेन्सर लावून आपल्या ठोक्यांची रेषा स्क्रीनवर बघत श्वासाचा सराव करायचा. यात ठोके किती आहेत हे बघायचंच नसतं, श्वासाबरोबर ते कसे कमीजास्त होतात ते बघायचं असतं. श्वास घेतला की ठोके जरा वाढतात, सोडला की कमी होतात, हे अगदी नॉर्मल आहे, आणि मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की हा चढउतार सगळ्यात मोठा होतो कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची लयही दहाएक सेकंदांची असते, दोन्ही जुळून येतात. स्क्रीनवरची वेडीवाकडी रेषा मग हळूहळू लाटेसारखी गोल व्हायला लागते आणि ती आपल्या श्वासाने झाली हे डोळ्यांनी दिसतं. सारखी धास्ती घेऊन जगणाऱ्या माणसाला ह्याचा किती आधार वाटतो!

प्रत्येकाचा श्वासाचा हा वेग थोडा वेगळा असतो, कुणाचा मिनिटाला पाच, कुणाचा साडेसहा, थेरपिस्ट तो शोधून देतात. 2017 मध्ये 24 अभ्यास, एकूण 484 माणसं, यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात ताण आणि एंग्झायटी बऱ्यापैकी कमी झालेली दिसली. अभ्यास छोटे होते, त्यामुळे गोळीच्या जागी हे असं मात्र समजू नका, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी चालू असेल तर थेरपिस्टला आधीच सांगा, त्याने ठोके बदलतात.

घरी करताना चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद बाहेर, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. छाती भरभरून श्वास ओढू नका, चक्कर येते आणि मग वाटतं अटॅकच आला, बरीच जणं इथेच सोडून देतात. मनगटावरच्या घड्याळापेक्षा छातीचा पट्टा किंवा कानाला लावायचा सेन्सर यासाठी बरा. सुरुवात शांत वेळी करा, ऐन घबराटीत पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही. आणि फारच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, रात्री-अपरात्रीसुद्धा लावा.