लॅपटॉप दुमडून टॅब्लेट केला की तापतो, बॅटरी निम्मीच टिकते, पीस खराब आहे का?

प्रश्न: मी अकोल्यात गणिताच्या शिकवण्या घेते, निम्म्या ऑनलाइन. स्क्रीनवर पेनने लिहिता यावं म्हणून 360 अंश फिरणारा टू-इन-वन लॅपटॉप घेतला, इंटेल आय5-1235यू प्रोसेसर, 16 जीबी रॅम. सुरुवातीला सुसाट चालतो, पण पूर्ण दुमडून टॅब्लेट केला की अर्ध्या तासात चांगलाच तापतो आणि पेनची रेघ मागे राहायला लागते. बॉक्सवर बॅटरी 12 तास लिहिलीय, मला साडेपाच मिळतात. बदलून घ्यायची मुदत संपत आलीय, काय करू?

उत्तर: ताई, मुदत आहे तोवर विचारलंत ते फार बरं केलंत. आधी तापण्याचं बघू, कारण वेग त्याच्यावरच अवलंबून आहे. तुमच्या चिपचं, म्हणजे प्रोसेसरचं, मूळ रेटिंग 15 वॅट, पण थोडा वेळ ती 55 वॅटपर्यंत जाऊ शकते, म्हणून पहिली पाच मिनिटं कुठलाही लॅपटॉप मस्तच वाटतो, दुकानात तर हमखास. आतलं तापमान 100 अंशांकडे सरकलं की चिप आपणहून वेग उतरवते, तो बिघाड नाही. बघायचं ते एवढंच की उतरून ती कुठे थांबते.

त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो टाका, फुकट आहे, त्यात सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे चिप किती वॅट खाते ते, आणि तापमान दिसतं. लॅपटॉप टेबलावर नेहमीसारखा उघडा ठेवून, चार्जर लावून सिनेबेंच आर23 या चिपवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रामची 10 मिनिटांची टेस्ट चालवा. शेवटी शेवटी पॉवरचा आकडा 15 वॅटच्या आसपास किंवा वर टिकला तर मशीन ठीक आहे. 8-10 वॅटवर घसरला आणि तापमान मात्र नव्वदीतच राहिलं, तर पंख्यात किंवा थर्मल पेस्टमध्ये (चिपची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) गडबड असू शकते, सरळ बदलून मागा. आणि हे सगळं तुम्ही शिकवता त्याच खोलीत करा, एसी नसेल तर नसू दे, कारण खोली 25 वरून 40 अंशांवर गेली की लॅपटॉपही साधारण तेवढाच जास्त तापतो, आणि अकोल्याचा मे महिना काय असतो हे तुम्हाला मी काय सांगणार!

आता टॅब्लेट मोड. पूर्ण दुमडल्यावर तळाची जाळी स्क्रीनच्या पाठीला जवळजवळ चिकटते, पंख्याला हवाच मिळत नाही, शिवाय हातात धरायचा म्हणून बऱ्याच कंपन्या या मोडमध्ये पॉवर मुद्दाम कमी ठेवतात. त्यात तुमचा व्हिडिओ कॉल, स्क्रीन शेअर आणि रेकॉर्डिंग एकदम चालू, म्हणजे रेघ मागे पडणारच. मी तर म्हणेन क्लास चालू असताना पूर्ण दुमडूच नका. कीबोर्ड टेबलाकडे पालथा करून स्क्रीन तिरकी उभी करा, मध्ये चार बोटं फट राहू दे, तळ मोकळा राहतो आणि पेनने लिहिताही येतं.

बॅटरीचं गणित तर तुमच्याच हातातलं आहे. समजा बॅटरी 52 वॅट-अवरची, म्हणजे 52 वॅट खर्च एक तास पुरवणारी, तर 12 तास चालायला सगळं मिळून सव्वाचार वॅटच्या आसपास खर्च हवा. कमी ब्राइटनेसवर नुसता व्हिडिओ बघताना तेवढं जमू शकतं, पण कॅमेरा, वायफाय आणि भर उजेडातली स्क्रीन धरून सरासरी साडेनऊ वॅट गेले की साडेपाच तासच येतात. म्हणजे तुमचा आकडा वाईट नाही. तरी खात्री करा, कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबलं की रिपोर्टची फाइल बनते, त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरीची मूळ क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावर मावते ती) असे दोन आकडे असतात. नव्या मशीनमध्ये ते जवळजवळ सारखे हवेत, दुसरा बराच कमी असेल तर रिपोर्टची प्रिंट घेऊनच दुकानात जा. आणि दिवसभर चार्जरवरच काम असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा लावा, लिथियम बॅटरी उष्णता आणि फुल चार्ज एकत्र आले की लवकर म्हातारी होते.

प्रश्न: झाकण बंद करून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप काढताना गरम लागतो, का?

उत्तर: स्लीपमध्ये विंडोज अधूनमधून जागं होऊन अपडेट वगैरे बघतं, आणि बॅगेत हवा खेळत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडा, त्यात चालू काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होतं. उघडताना काही सेकंद जास्त लागतील, पण बॅटरी जवळपास जशीच्या तशी राहील.