'से' की 'टेल'? सुरुवातीला एवढंच बघा

इंग्रजीत 'से' (say) कुठे आणि 'टेल' (tell) कुठे, हा गोंधळ नेहमीचाच आहे, घाबरू नका. शब्दकोशातल्या व्याख्या पाठ करत बसू नका, त्याने काही होत नाही. वाक्य बनवताना एकच बघा: क्रियापदानंतर लगेच ऐकणारा माणूस येतोय का? येत असेल तर 'टेल', नसेल तर 'से'. 'शी टोल्ड मी दॅट शी वॉज टायर्ड', पण 'शी सेड दॅट शी वॉज टायर्ड'.

नवशिक्यांच्या चुका बहुतेक या तीनच:

- 'ही सेड मी': चूकच. 'ही सेड टू मी' चालतं, पण बोलताना 'ही टोल्ड मी' जास्त सहज वाटतं.
- 'ही टोल्ड टू मी': आपल्या 'मला'मधला 'ला' डोक्यात असतो, म्हणून हा आगाऊ 'टू' मधे घुसतो. काढून टाका.
- 'ही टोल्ड दॅट...': कोणाला सांगितलं, ते राहिलं.

काम सांगायचं असेल तर 'टेल' घ्या: 'टेल हिम टू वेट'.

काही जोड्या मात्र नियमाला जुमानत नाहीत. 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी' यांत माणूस नसला तरी चालतं. एवढ्या तोंडपाठ करा, बाकीच्या वाचता वाचता भेटतील. 'सॉरी' आणि 'हॅलो' नेहमी 'से'बरोबर; माणूस आणायचा तर 'से सॉरी टू हर'.

'टेल'चा 'फरक ओळखणे' हा अर्थ सध्या बाजूला ठेवा. 'स्पीक' आणि 'टॉक'लाही आत्ताच हात लावू नका. आधी 'सेड मी' तोंडातून जाऊ दे.