साखर उतरली, वजन चढले

प्रश्न : माझे यजमान ५६ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची उपाशीपोटीची साखर २४० आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) १०.२ निघाले. त्याआधीच्या काही महिन्यांत त्यांचे वजन आपोआप सहा किलोंनी उतरले होते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर एचबीएवनसी ७ वर आले, पण वजन आठ किलोंनी वाढले. आता ते गोळ्या बंद करायच्या म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, गोळ्या त्यांनी आपल्या मनाने मुळीच बंद करू नयेत. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीवाटे जाऊ लागते. दिवसाला ५० ग्रॅम साखर अशी गेली, तर २०० कॅलरी, म्हणजे सुमारे दोन पोळ्यांचे अन्न, अंगी न लागताच वाहून गेले. शिवाय इन्सुलिन अपुरे पडल्यामुळे शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू झिजवत राहते. ते सहा किलो आजाराने नेले होते. साखर ताब्यात आल्यावर ही गळती थांबली, जेवण मात्र पूर्वीइतकेच राहिले, म्हणून गेलेले वजन परत आले. गोळ्या सोडल्यास वजन पुन्हा उतरेलही, पण त्याची झळ डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसांना लागेल.

विचार करायचा तो वरच्या दोन किलोंचा. ग्लिमेपिराइडमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक स्रवते आणि इन्सुलिन चरबी साठवण्यास मदत करते. त्यात जेवणाला उशीर झाला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते; मग घाम येतो, हात कापतात, विलक्षण भूक लागते, आणि आपल्या इंदुरात अशा वेळी हाताशी कचोरी किंवा शेव असतेच. यजमानांचे असे होते का, हे अवश्य विचारा, कारण पुष्कळ रुग्ण ही गोष्ट डॉक्टरांना सांगतच नाहीत. तसे झाल्यास ग्लुकोमीटरवर साखर पाहून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. तळलेल्या पदार्थाने साखर लवकर वर येत नाही.

अशा नोंदी, वेळेसह, डॉक्टरांना दाखवा. त्यावरून ग्लिमेपिराइडचा डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येते. मेटफॉर्मिनने वजन सहसा वाढत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे तर जादा साखर मुद्दाम लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे वजन थोडे घटते. ती यजमानांना चालतील का, हे मूत्रपिंडांच्या तपासण्या पाहून डॉक्टरच ठरवतील. घरी वजनकाट्याबरोबर कंबरेचा घेरही दर महिन्याला मोजा. भारतीय पुरुषांमध्ये तो ९० सेंटीमीटरच्या आत असावा. त्याहून अधिक असल्यास सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलेबी आणि वरची शेव आधी कमी करावी, आणि दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटे चालावे.