देव पाण्यात ठेवून बसायची ही वेळ नव्हे

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला, नदीकडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. २०२४ च्या जुलैत घरात पाणी शिरलं, तेव्हा सासूबाई (वय ७८) शेवटपर्यंत हलत नव्हत्या. "देव्हाऱ्यातल्या देवांना टाकून कुठं जाऊ? त्याच्या मनात असेल ते होईल." दर पावसाळ्यात हेच. त्यांना न दुखावता बाहेर कसं काढायचं?

उत्तर : श्रद्धेवर वाद घालू नका, हराल. त्यांचं वाक्य नीट ऐका. अडचण 'टाकून' या शब्दात आहे. टाकून जायचं नाहीच, घेऊन जायचं.

घरातले टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा या चल मूर्ती, जागेला बांधलेल्या नसतात. आणि संकटात देवळातला देवही हलला आहे. पंढरीचा विठोबा विजयनगरला गेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही परंपरा सासूबाईंना ठाऊक असेलच. कृष्णानं तर जरासंधाच्या स्वाऱ्यांपायी मथुरा सोडून सगळे यादव द्वारकेला हलवले. त्यावरून पडलेलं रणछोड हे नाव घेऊनच लोक त्याला पुजतात. घर सोडलं म्हणजे भरवसा सोडला, असं खुद्द देवानं मानलेलं नाही.

मृग लागला की घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा देव्हाऱ्याखालीच ठेवून द्या. निघताना सासूबाईंच्याच हातून देवांना हळदकुंकू, अक्षता वाहून घ्या आणि समई शांत करा. तेवती समई मागे ठेवायची नाही; बंद घरात सिलिंडरची नळी निसटली तर भडका उडेल. डब्यात अर्धा किलो कोरडे तांदूळ घाला, गावाला जाताना देव तांदळात ठेवतात तसेच. टाकांच्या कडा एकमेकांवर घासतात, म्हणून प्रत्येक टाक खणाच्या तुकड्यात गुंडाळा. शंख फुटतो, तो वेगळा, टॉवेलमध्ये. तसबिरी माळ्यावर. डबा सामानाच्या तळाशी कोंबू नका, सासूबाईंच्या मांडीवर द्या. देव मांडीवर आले की 'मी नाही येत' म्हणायला कारण उरत नाही. तिकडे दोन दिवस पूजा मांडता आली नाही तर मानसपूजा चालते, आपद्धर्म त्यासाठीच आहे.

निघायचं कधी, हे मात्र उजेडी ठरवा. तुमच्या वरच्या अंगाचं खडकवासला धरण जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं. वर पानशेत, वरसगाव, टेमघर भरलेली असली की आलेलं पाणी त्याला पोटात ठेवता येत नाही, आणि विसर्ग काही तासांत चढतो, रात्रीसुद्धा. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं ते पहाटे. त्या दिवशीचा पस्तीस हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. म्हणून वरची धरणं भरत आली आणि घाटात पावसाचा रेड अलर्ट असला, की त्या दिवशी दुपारीच सासूबाईंना नातलगांकडे पोचवा. त्या 'मुक्कामाला' जातात, पळून नाही. शब्द एवढा बदलला तरी फरक पडतो.

बाकीच्यांनी निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा. सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, रिकामा तर हमखास तरंगतो. मेन स्विचपाशी पाणी पोचलं असेल तर त्याला हात लावू नका. त्याच २५ जुलैला पुलाची वाडी भागात पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्यानं तिघांचा जीव गेला. आठवड्याची औषधं, आधार, रेशनकार्ड, घराचे कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. अडकलात तर ११२ किंवा अग्निशमनचा १०१.

परतल्यावर आधी चिखलाचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. पंचनाम्याआधी घर धुऊन काढलं की दाखवायला काही उरत नाही. त्या चिखलात गटाराचं पाणी असतं. गमबूट आणि हातमोजे घाला. जमिनीखालची टाकी उपसून, धुऊन, क्लोरीन टाकेपर्यंत ते पाणी प्यायला घेऊ नका, अभिषेकालाही नको. देव्हारा वाळला की देव परत.

प्रश्न : आणि गणपती बसलेले असताना निघावं लागलं तर?

उत्तर : पार्थिव, म्हणजे मातीच्या, मूर्तीची उत्तरपूजा केव्हाही करता येते. अक्षता वाहायच्या, 'पुनरागमनाय च' म्हणायचं, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची. वेळ असेल तर घरीच बादलीत विसर्जन करा. नदीकडे त्या दिवशी फिरकायचंही नाही. शाडूची मूर्ती विरघळायला काही तास लागतात, तोवर थांबू नका. बादली वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे द्या आणि निघा.