प्रश्नोत्तरे : बीगल चॅनलच्या काठची पायपीट

चिलीतल्या पुंता अरेनासहून अर्जेंटिनातल्या उशुआयाला जाणारी छोटी मोहीम-जहाजं वाटेत बीगल चॅनल या सामुद्रधुनीलगतच्या आल्बेर्तो दे आगोस्तिनी राष्ट्रीय उद्यानात थांबतात. हे उद्यान १९६५ साली घोषित झालं. इथे डार्विन पर्वतरांगेतून हिमनद्या थेट समुद्रात उतरतात आणि रस्ता कुठेच नाही. जहाजातून रबरी होडीत, होडीतून किनाऱ्यावर आणि तिथून पायी, एवढीच सोय. या सफरीबद्दल आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

वय ६२. दर रविवारी सिंहगड चढतो. पिया हिमनदीच्या वरच्या टप्प्यापर्यंत जाणं जमेल का? (पुणे)

दमसासाचा प्रश्न येणार नाही. आतकरवाडीहून सिंहगडाचा चढ सुमारे ६०० मीटरचा आहे, पियाचा त्यामानाने बराच कमी. खरी परीक्षा पायाखालच्या जमिनीची असते. वाट शेवाळाने भरलेल्या दलदलीतून आणि कोइग्वे झाडांच्या ओल्या मुळांवरून जाते. मूळ आडवं असेल तर त्यावर पाऊल ठेवू नका, ओलांडून पलीकडे टाका. ओलं मूळ साबणासारखं निसटतं. तीव्र चढावर दोर बांधलेला असला तर तो तोल सांभाळण्यापुरता धरा, सगळं वजन त्याच्यावर टाकू नका.

गुडघा दुखरा असेल तर चढापेक्षा उताराचा विचार आधी करा. चिखलात टाच रुतते, गुडघा पुढे जातो आणि तिथेच पिरगळतो. काठी उतरताना थोडी लांब करून घ्या. आणखी एक गोष्ट सिंहगडावर नसते : इथे मध्येच एकट्याने परत फिरता येत नाही. गट आणि गाइड एकत्रच उतरतात. त्यामुळे सोपा, मधला की अवघड गट, हे आदल्या संध्याकाळच्या माहितीसत्रात गाइडला गुडघ्याबद्दल स्पष्ट सांगूनच ठरवा. मधला गट घेतल्याने हिमनदी कमी दिसते असं मुळीच नाही.

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केले आहेत. तेच कपडे चालतील का? (ठाणे)

पावसाची सवय उपयोगी पडेल, कपडे मात्र बदलावे लागतील. जुलैत हरिश्चंद्रगडावर भिजलं तरी हवा उबदार असते. इथे ५५ अंश दक्षिण अक्षांशावर भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतही, दिवसा साधारण ५ ते १२ अंश आणि वर वारा. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, त्यातली हवा निघून जाते आणि अंगाची ऊब पाण्यासोबत संपत राहते. म्हणून जीन्स, सुती बनियन, सुती मोजे जहाजातच राहू द्या.

अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार जॅकेट), त्यावर टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट. पायात वॉटरप्रूफ पँट हवीच, तिच्याशिवाय वरचं सगळं व्यर्थ. ही पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेर सोडा. आत खोचली की पँटवरून ओघळणारं पाणी सरळ बुटात जमा होतं. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे आणि आधी महिनाभर वापरून पायाला बसलेले असावेत. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, कारण पहिला जोड होडीतच भिजतो. डोक्याला आपली लोकरीची माकडटोपी उत्तम : कान झाकते, वाऱ्याने उडत नाही आणि जॅकेटच्या टोपीखाली बसते. प्लास्टिकचा पोंचो आणू नका. डोंगरावरून अचानक खाली कोसळणारे वाऱ्याचे झोत त्याचं शीड करतात आणि माणसाचा तोल जातो. छत्रीचा तर विचारच नको.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फ्लीस घालूनच चढायला लागणं. दहा मिनिटांत घाम येतो, वर थांबल्यावर तोच घाम गार पडतो आणि लोकांना वाटतं जॅकेट गळतंय. चढ सुरू होण्याआधी फ्लीस काढून पिशवीत टाका, वर पोचताक्षणी पुन्हा चढवा. थंडी वाजेपर्यंत थांबू नका.

रबरी होडीत चढ-उतार करायची धास्ती वाटते. (नागपूर)

पद्धत पाळली की धास्ती उरत नाही. दोन्ही हात मोकळे ठेवा; कॅमेरा, काठी, पिशवी सगळं पाठीवर. लाइफ जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वरून घाला आणि पट्टे आवळा. खलाशी हात पुढे करेल, तेव्हा त्याचा पंजा धरू नका. तुम्ही त्याचं मनगट धरायचं, त्याने तुमचं. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही, आणि एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. आता एक पाय होडीच्या फुगलेल्या कडेवर, दुसरा आतल्या तळावर, आणि लगेच कडेवर बसून सरकत आपल्या जागी. एका वेळी एकानेच उभं राहायचं.

उतरताना बसल्या बसल्याच पाय बाहेर फिरवा आणि सांगितल्यावर पाण्यात किंवा दगडावर टेका. उडी मारू नका. लाट ओसरत असताना उडी मारली तर होडी पायाखालून मागे जाते, आणि बहुतेक पडझड तिथेच होते.

हिमनदीच्या अगदी जवळ जाऊन बर्फाला हात लावता येतो का? (सांगली)

कड्याच्या पायथ्याशी कधीच नाही. बर्फाचा कडा पाण्यात कोसळला की लाट उठते आणि अरुंद खाडीत ती काठावर चढते. जानेवारी १८३३ मध्ये याच बीगल चॅनलमध्ये कोसळलेल्या बर्फाच्या लाटेने चार्ल्स डार्विन आणि सोबत्यांच्या काठावर ओढलेल्या होड्या वाहून जायच्या बेतात होत्या. डार्विन आणि काही खलाशी धावले म्हणून त्या वाचल्या. अशा निर्जन काठावर होडी गेली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा. म्हणून गाइड पाण्याच्या रेषेपासून वर उभं करतात, आणि फोटोसाठी खाली उतरणाऱ्याला हाक मारून मागे बोलावतात.

कडा कोसळताना बघायचा असेल तर आवाजाची वाट पाहू नका. एक किलोमीटरवरून आवाज यायला जवळपास तीन सेकंद लागतात, तोवर बर्फ पाण्यात गेलेला असतो. ज्या भागातून बारीक चुरा गळतोय किंवा ताजा गडद निळा भाग उघडा पडलाय, तिकडे नजर ठेवा.

एन्सवर्थ उपसागराच्या फोटोंत करडी, वठलेली झाडं दिसतात. आग लागली होती का? (कोल्हापूर)

नाही, ते बीव्हरचं काम. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. फरच्या व्यापारासाठी १९४६ मध्ये अर्जेंटिनाने कॅनडातून आणलेले बीव्हर तिएरा देल फ्वेगोत सोडले. तिथून ते चिलीच्या बेटांवर पसरले. उत्तर अमेरिकेतली पुष्कळ झाडं कुरतडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात, इथली लेंगासारखी झाडं बहुधा फुटत नाहीत. त्यात बांधाचं पाणी मुळांशी साचतं आणि पूर्ण वाढलेलं रान उभ्या उभ्या मरतं. हे बघताना वाईट वाटतंच. बांधांच्या आसपास चिखल घोट्याच्या वर जातो, तेव्हा वाट सोडू नका.

घरचा चिवडा, लाडू नेले तर? (डोंबिवली)

चिलीत शिरताना वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य सगळे पदार्थ जाहीर करावे लागतात, नाहीतर दंड होतो. फॉर्मवर 'आहे' लिहा, अधिकारी काय ठेवायचं ते ठरवतील. ताजी फळं, बिया, मध नेऊच नका. उद्यानात उतरताना मात्र खाणं अजिबात सोबत नको. बुटांचे तळ आणि जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळं घरीच ब्रशने साफ करा, त्यातूनच परकी बी तिथे पोचतं.

केप हॉर्नवर उतरायला मिळेलच ना? (मडगाव)

खात्री कुणीच देत नाही. ते दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळचं वेगळं राष्ट्रीय उद्यान, उघड्या समुद्रावरचं. वारा आणि लाटा बघून कप्तान पहाटे ठरवतो. उतरलात तर सुमारे १६० लाकडी पायऱ्या आहेत. कठडा धरूनच चढा आणि टोपीचा बंद हनुवटीखाली बांधा.