वाचकांचे प्रश्न : जुनी ३२०डी घ्यावी का?

प्रश्न : २०१३ची बीएमडब्ल्यू ३२०डी (डिझेल, एफ३० ही पिढी) मिळते आहे, ९५ हजार किमी झालेली. किंमत नव्या हॅचबॅकएवढीच. पुढचा खर्च झेपेल का?

उत्तर : सगळा निकाल टायमिंग चेनवर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणाऱ्या साखळीवर आहे. या एन४७ इंजिनात चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिला जागेवर धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे गाईड, झिजतात, चेन सैल पडते आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जातं. सुटे भाग फार महाग नाहीत. पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी तिथे चढते. म्हणून गाडी सकाळी, बॉनेट हाताला थंड लागत असतानाच बघा. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. स्टार्ट करून दीड-दोन हजार आरपीएमवर इंजिनच्या मागच्या बाजूने खरखर आली, तर सौदा सोडा.

झेडएफ या कंपनीचा आठ स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उत्तम आहे. मात्र ‘ऑइल आयुष्यभर चालतं’ यावर विसंबू नका. लाख किमीच्या आसपास बदलाच. फिल्टर गिअरबॉक्सखालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच (तेलाच्या तबकात) असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. इंजिन ऑइल बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ दर्जाचं, सुमारे सव्वापाच लिटर, दर १० हजार किमीला.

रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या) टायरवरची तारीख वाचा : ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. रोजचं फिरणं फक्त शहरातलं असेल तर डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो, मग पेट्रोलच बघा. किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ही गाडी घेऊ नका.